गुढी उतरवायची वेळ

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
१६ फेब्रुवारी

सुधन्वा भावोजी,

पत्र बघून दचकू नका, इथे सगळं ठीक आहे. फोन का नाही केला म्हणाल, तर तुमच्या गावी फोन लावायचा म्हणजे पाच मिनिटं नुसतं 'हॅलो हॅलो' आणि सहाव्या मिनिटाला ठप्प. शिवाय या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये कुजबुजलेलंही शेजारी ऐकू जातं, आणि मला जे सांगायचंय ते अंशुमनच्या पाठीमागे सांगायचंय. दिवसभर ऑफिसात हिंदीत नोटिंग लिहून हात विटलाय, तेव्हा मराठीत चार ओळी खरडल्या तर मलाही बरं वाटेल.

तर मुद्द्याचं. तुमचा पुतण्या पाडव्याला तुमच्याकडे येतोय. तोंडाने म्हणतो काकाकडे चाललोय, पण खरं तर तुमच्या गावामागच्या त्या बर्फाच्या धारेवर चढून पलीकडच्या दरीत उतरायचा बेत आहे. पाडवा रविवारी, सोमवारी ईदची सुट्टी, शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस जमतात. बरोबर तनया आणि तिचा भाऊ ऋग्वेद. तनया म्हणजे फरीदाबादच्या राजवाड्यांची मुलगी, गुडगावला अंशुमनच्याच ऑफिसात आहे. पोरगी गुणाची आहे. मार्गशीर्षात दोघांचं उरकून टाकावं असं आमचं चाललंय.

धारेवर गुढी उभारायची हे खूळ त्याचं स्वतःचं. 'आई, तेरा हजार फुटांवर गुढी, सोच ना जरा.' मी म्हटलं, मला सोचायला लावू नकोस, मला झोप येत नाही. तर म्हणतो, 'चिल यार आई, पुण्यात शिकायला होतो तेव्हा सह्याद्रीतले किती किल्ले केलेत मी.' नाही म्हणावं तर सत्तावीस वर्षांचा घोडा, थापा मारून जाईल. त्यापेक्षा सांगून गेलेला बरा.

पण जीव थाऱ्यावर नाही. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तुम्ही इतकी वर्षं सरकारी नोकरीत बर्फ मोजण्यात घालवलीत, निवृत्त झालात तरी तिथेच राहिलात, म्हणून तुम्हाला विचारते. या दिवसांत तिथे जाणं शहाणपणाचं आहे का? नसेल तर तसं स्पष्ट लिहा. तुमचं अक्षर त्याला लागत नाही, मी वाचून दाखवीन. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. आवाज तुमचा ह्यांच्यासारखाच आहे, तो त्याला पत्रातूनही ऐकू येत असावा.

तुमची
विजयावहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

सकाळी उणे अकरा. तीन दिवस बर्फ पडत होता, आज थांबला. दारातून बाहेर पडायला फावड्याने वाट करावी लागली. नोकरी संपली तरी पत्राची सुरुवात हवामानाने करायची खोड जात नाही, चालवून घ्या.

तुम्ही विचारलंत शहाणपणाचं आहे का. नाही. आता यापुढचं अंशुमनला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मध्ये काही गाळू नका. तुम्ही गाळता हे मला माहीत आहे.

अंशू, नीट ऐक. डिसेंबरात इथे थोडासा बर्फ पडला आणि मग सगळा जानेवारी कोरडा गेला. त्या पातळ थराचे थंडीने मोकळे दाणे झालेत, एकाला एक चिकटत नाहीत. आता त्यावर हा छातीइतका नवा बर्फ येऊन बसलाय. तुझ्या आईला सांग, परातीत साबुदाणा पसर आणि वर भिजवलेली गोधडी टाक. गोधडी दिसायला भक्कम. परात जरा तिरकी केलीस की खालचे दाणे घरंगळतात आणि गोधडी एकदम सगळीच्या सगळी खाली येते. आमच्या खात्यात याला हिमस्खलन म्हणायचे. इथले लोक 'ग्लेशियर आया' म्हणतात, पाहुणा आल्यासारखं.

तुला वाटेल पाडव्यापर्यंत सगळं बसेल. काही बसेल, पण चैत्रातलं ऊन हा वेगळाच वैरी आहे. सह्याद्रीत ऊन पडलं की वाट वाळते, माणूस खूश होतो. तीच सवय घेऊन तुम्ही पुण्या-मुंबईची पोरं इकडे येता आणि पहिला चहा झाल्यावर, छान ऊन पडल्यावर निघता. इथे उलटं आहे. रात्री आभाळ मोकळं असलं तर बर्फ गोठून घट्ट होतो आणि पहाटे त्यावरून चालता येतं. दिवस वर आला की त्यात पाणी मुरतं, ते खालच्या दाण्यांपर्यंत जातं, आणि मग दुपारी निळ्याभोर आभाळाखाली, वारा नाही की काही नाही, अख्खा उतार सुटतो. माझ्या नोकरीत मी बर्फाखालून जी माणसं काढली, त्यातली बहुतेक चांगल्या हवेत गेली होती.

खूण सांगतो. बूट घोट्यापर्यंत रुतला तर चाल, गुडघ्यापर्यंत रुतला तर त्याच पावली मागे फिर. आणि दुपारी त्या उतारावर कोणत्याही कामासाठी जायचं नाही. कोणत्याही म्हणजे कोणत्याही.

ज्येष्ठात ये. तेव्हा त्याच धारेवर फुलं असतात आणि मीही मोकळा असतो. तरी पाडव्यालाच यायचं असेल तर आधी माझ्या घरी उतरायचं आणि माझ्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही.

सुधन्वा


सरोजिनी नगर
१२ मार्च

सुधन्वा भावोजी,

सगळं वाचलं, काही गाळलं नाही. साबुदाण्याचं ऐकून आधी हसला, मग 'घरंगळतात म्हणजे?' विचारलं. दिल्लीत वाढलेलं पोर, अर्धे शब्द समजावून सांगावे लागतात. मग मी खरंच परात आणली, साबुदाणा पसरला, वर ओला टॉवेल टाकला आणि परात तिरकी केली. टॉवेल धपकन ओट्यावर. मग त्याने स्वतः टॉवेल उचलून पुन्हा पसरला आणि परात तिरकी करून पाहिली.

शेवटी तह झाला. पलीकडच्या दरीत उतरायचं नाही. तुमच्याबरोबर फक्त धारेपर्यंत जायचं आणि परत यायचं, तुम्ही म्हणाल तेव्हा निघायचं. यायचंच मात्र पाडव्याला, कारण तनयाने ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय. मी हो म्हटलं. तुम्ही बरोबर आहात म्हणजे मला काळजी नाही, असं स्वतःला सांगते आहे.

गुढीचं सामान त्याच्याबरोबर पाठवतेय. साखरेची गाठी दिल्लीत कुठली मिळायला, पण कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनाच्या कॅन्टीनमधल्या बळवंतने पुण्याहून मागवून दिली. कडुनिंब आमच्या क्वार्टरसमोरचाच. काठी म्हणून त्याची चालायची काठी. वस्त्र माझ्या लग्नातल्या शालूचा खण. आणि गडू आईंचा, तांब्याचा, कडेला पोचा आलेला. तुमच्या आईचा गडू तुमच्या डोंगरावर यावा असं वाटलं, म्हणून मन घट्ट करून देतेय. हरवू देऊ नका.

अंशुमनला एक बजावलंय, तुम्हालाही सांगते. गुढी उभारायला दहा जण पुढे होतात, उतरवायची कोणाला आठवण राहत नाही. दिवे लागायच्या आत हळदकुंकू वाहून, साखर दाखवून, घरच्या माणसाने उतरवायची. तुम्ही म्हणाल वहिनीचं सुरू झालं. पण ह्यांना इस्पितळात हलवलं तो पाडवा आठवतो ना? त्या गडबडीत गुढी रात्रभर खिडकीत तशीच राहिली होती. पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंत. मी त्याचा अर्थ लावत नाही, पण विसरतही नाही. अंशुमनही विसरलेला नाही. त्याने मला शब्द दिलाय.

सरोजिनीच्या बाजारातून त्याला एक जाड जॅकेट घेतलंय. एक्स्पोर्टचा माल म्हणून दुकानदार शपथा घेत होता. चेन आताच अडकते, तेवढी मेणबत्ती घासून द्या.

विजयावहिनी


२९ मार्च, शनिवार

वहिनी,

दुपारी अधिक सहा, आणि हे मला आवडलेलं नाही. काल रात्री ढग होते, बर्फ नीट गोठला नाही. आज संध्याकाळी आभाळ मोकळं होतंय, म्हणून उद्याचा बेत रद्द केलेला नाही.

तिघंही सुखरूप पोचले. ऋग्वेदच्या टाचेला फोड आलाय, तो उद्या घरीच थांबेल. तनया आल्या आल्या चुलीपाशी बसून भाकरी करायला लागली, तिच्या भाकरीचा नकाशा होतो पण चव चांगली आहे. तुमचं पोरगं चहात तीन चमचे साखर घालतं, दादासारखं. बसतोही तसाच, एक पाय वर घेऊन. आज संध्याकाळी तो दाराशी पाठमोरा उभा होता, तेव्हा मी त्याला दादा म्हणून हाक मारता मारता राहिलो. हे तुम्हाला सांगू की नको असं वाटत होतं, पण लिहून टाकलं.

चेन घासून दिली.

उद्या काळोखात निघू, उगवतीला धारेवर असू. गुढी उभारायची, नमस्कार करायचा, आणि लगेच तिथेच उतरवून खाली आणायची. तुमची दिवेलागणीची अट मी मोडतोय, ते पाप माझ्या नावावर लिहा. बूट रुतायला लागायच्या आत मला पोरं घरात हवी आहेत. दुपारी सगळ्यांनी श्रीखंड खाऊन झोपायचं.

पत्र उद्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. तुम्हाला मिळेपर्यंत पोरं दिल्लीत असतील आणि फोटो दाखवून तुमचं डोकं उठवत असतील.

सुधन्वा


सरोजिनी नगर
१४ एप्रिल

भावोजी,

तुमचं २९ तारखेचं पत्र काल मिळालं. आपण शोधाची वाट बघत मनालीत बसलो होतो तेव्हाच आलं असणार, पेटीत पडून होतं. कॅन्टीनमधल्या बळवंतने पेटीचं कुलूप उघडलं आणि पत्र माझ्या हातात दिलं. त्याला काय माहीत आत काय आहे.

तीन चमचे साखर. मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेन.

मनालीत आपण दोघं समोरासमोर बसत होतो, पण मला बोलता आलं नाही, तुम्हालाही नाही. रोज संध्याकाळी शोधपथकाचा तो अधिकारी यायचा आणि आज काही नाही म्हणून सांगून जायचा. नंतर म्हणाला, माताजी, घर जाइए, बर्फ वितळल्यावर कळवू. घरी जा म्हणाला. कोणत्या घरी जाऊ? दोन खोल्या आहेत, एकीत मी आणि दुसरीत त्याचे बूट.

आता लिहून विचारते. तुम्ही तिथे एवढंच सांगितलंत, की धारेवरून सगळे सुखरूप खाली आले, आणि दुपारी तो गावामागच्या नाल्यापलीकडे फोटो काढायला जातो म्हणाला आणि तुम्ही जा म्हणालात. तुम्ही जा कसं म्हणालात? कोणत्याही कामासाठी जायचं नाही, हे तुम्हीच लिहिलं होतंत ना? मी ते मोठ्याने वाचलं होतं. परात तिरकी करून दाखवली होती. मी अडाणी बाई, मला समजलं, आणि जन्मभर बर्फ मोजलेल्या माणसाला त्या दुपारी समजलं नाही?

मी त्याला तुमच्या हाती दिला होता. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

सापडला तर कळवा. एरवी पत्र नको.

विजया


२६ एप्रिल

वहिनी,

आज तपमान बघितलं नाही.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मी जा म्हणालो. खालचा उतार धरून राहील असं मला वाटलं, अंदाज चुकला. याहून वेगळं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

शोधपथक परत गेलं, कारण वरचा बर्फ अजून दुपारी सुटतोय आणि त्यांचीच माणसं त्याखाली जातील. ते बरोबर आहेत. मी आणि शेजारचे दोघं पहाटे लांब सळ्या घेऊन जातो, एकेका पावलावर सळी खाली घालून बघतो, आणि ऊन यायच्या आत परततो. धारेवर अजून जाता येत नाही. नाल्यात ढीग फार मोठा आहे, तो सावलीत येतो, वितळायला वेळ लागेल.

पत्र नको म्हणालात, तरी हे लिहिलं. जोवर तो सापडत नाही तोवर मी इथून हलणार नाही, एवढंच कळवायचं होतं.

सुधन्वा


सरोजिनी नगर
२५ मे

सुधन्वा भावोजी,

काल तनया आली होती. फरीदाबादहून मेट्रोने, भर दुपारी, डोक्यावर ओढणी घेऊन. वाळून काटकी झालीये. पन्हं दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. मग म्हणाली, 'काकू, काकांनी मला शपथ घातली होती, पण मला आता बिल्कुल सहन होत नाही.'

तिने सगळं सांगितलं.

धारेवर गुढी उभारली, तुम्ही लगेच उतरवायला हात घातलात, तर त्याने तुमचा हात धरला. म्हणाला, काका, ही संध्याकाळी उतरवायची असते, बाबांच्या वेळेला राहिली होती. ऊन वर येत होतं, बूट रुतायला लागले होते, वाद घालायला वेळ नव्हता. तुम्ही म्हणालात राहू दे, उद्या पहाटे मी एकटा येऊन आणतो. सगळे खाली आलात. जेवलात. तुम्ही रात्रभर जागे होतात, तुमचा डोळा लागला. आणि हा बूट घालायला लागला. तनयाने विचारलं तर म्हणाला, उद्या पहाटे म्हणजे रात्रभर राहिली ना. आई पहिला प्रश्न तोच विचारेल, आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. काकांना उठवू नकोस, पाचपर्यंत येतो.

म्हणजे फोटो नाही, काही नाही. तुम्ही जा म्हणालाच नव्हतात. तुम्ही झोपला होतात.

माझ्याशी खोटं बोलता येत नाही म्हणून माझा मुलगा गेला, आणि तुम्ही माझ्याशी खोटं बोललात म्हणून मी हे दोन महिने जगले. तुम्हाला शिव्या देत होते ना, त्या आधारावर. सकाळी उठून आधी तुमच्यावर संतापायचं, मग दात घासायचे. आता सकाळी उठून काय करू, ते सांगा.

तुमच्यावर रागावू की तुमचे पाय धरू, मला कळत नाही. तुम्ही मला वाचवायला गेलात हे कळतं. पण माझा गुन्हा माझ्याकडेच राहू द्यायचा होता हो. तो तरी माझा होता.

इथे पंचेचाळीसच्या वर गेलंय. कूलरमधून गरम वाफा येतात, लोक आभाळाकडे बघून तळमळतात. मार्चमध्ये मी रोज देवापुढे म्हणत होते, तिकडे ऊन पाडू नकोस. आता रोज म्हणते, पाड, अजून पाड, सगळं वितळू दे. आमच्या ऑफिसातली रसिका म्हणाली, मॅडम, इस बार गर्मी जल्दी जाए बस. मी तिच्या अंगावर ओरडले. बिचारीला कळेना काय झालं.

एक विचारते, आणि भावोजी, या वेळेस खोटं नको. कितीही वाईट असलं तरी नको. तो गेला तो जाताना की येताना? गुढीपर्यंत पोचला होता का? की अर्ध्या वाटेवर, रिकाम्या हाताने, आईने सांगितलेलं राहिलं म्हणत गेला? एवढंच मला कळायला हवं. रात्री मी त्याला त्या उतारावर बघते, आणि तो कोणत्या बाजूला तोंड करून चालतोय ते मला दिसत नाही.

विजयावहिनी


१९ जून

येताना, वहिनी.

काल फोनवर तुम्ही 'सापडला का' विचारलंत, मी 'हो' म्हणालो आणि फोन गेला. तुमचा दुसरा प्रश्न राहिला, म्हणून त्याचं उत्तर आधी लिहिलं.

त्याला घेऊन आम्ही गाडीने दिल्लीला येतोय. मी पुढे ड्रायव्हरजवळ आहे, मागे तनया आणि ऋग्वेद त्याच्यापाशी. तुमच्यासमोर उभा राहून मला हे सांगता येणार नाही. मंडीला गाडी थांबली तेव्हा ढाब्यावर बसून लिहितोय. तुम्ही दार उघडलंत की तनया हे पत्र तुमच्या हातात देईल. मी खाली गाडीपाशी असेन. वर या म्हणालात तर येईन.

नाल्याच्या वरच्या अंगाला सापडला, गावाकडे तोंड करून. चेहरा ओळखू येतो, तुम्ही बघू शकाल. जॅकेटची चेन वरपर्यंत लावलेली होती.

मी एकदा खोटं लिहिलं, त्यामुळे माझ्या शब्दावर विसंबू नका. सॅक मी एकट्याने उघडली नाही, शोधासाठी आठवड्यापूर्वीच आलेले तनया आणि ऋग्वेद समोर होते, पोलीसही होते. त्यांना विचारा. काठी बाजूला अडकवलेली होती. आत आईचा गडू होता, तुमच्या खणात गुंडाळलेला. खणाची चौपदरी घडी घातली होती. धारेवर त्या वाऱ्यात घडी घालायची म्हणजे हातमोजे काढावे लागतात, आणि तो तिथे थांबून ते करत बसला होता. गडूच्या तळाला हळदकुंकवाची बोटं अजून आहेत, मी पुसू दिली नाहीत. कडुनिंबाचा डहाळा काळा पडलाय.

वैशाखात मी धारेवर जाऊन आलो होतो. तिथे काठी नव्हती. त्याने उतरवली की वाऱ्याने नेली, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आणि अंदाजाने तुम्हाला पुन्हा काही लिहायचं नव्हतं. आता ठाऊक आहे. तुम्ही सांगितलेलं काही राहिलं नाही. दिवे लागायच्या पुष्कळ आधी, रीतीने, घरच्या माणसाने उतरवली.

गुन्ह्याचं लिहिलंत. माझंही ऐका. मी 'उद्या पहाटे आणतो' म्हणालो, ते तुमच्या घरातला तो पाडवा माहीत असून म्हणालो. त्याला काय वाटेल ते मला समजायला हवं होतं. मी फक्त बर्फाकडे बघत होतो. तेव्हा सगळा गुन्हा एकट्या घेऊ नका, माझा अर्धा मला द्या. मी तिथेच राहून तो सांभाळीन.

गडू, खण आणि काठी गाडीत आहेत, तुमच्या हवाली करतो. गाठी त्याने वरच्या खिशात ठेवली होती, तुम्हाला प्रसाद द्यायला असेल. ती विरघळून गेली. नुसता दोरा राहिलाय. तो मी माझ्याकडे ठेवून घेतलाय, कोणाला न विचारता. मागितलात तर देईन.

सुधन्वा